लेस्टरचें ‘कॉमनवेल्थ’ : एका निंदाग्रंथाची साधनचिकित्सा

इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीच्या मर्जींतील पुरुषांची यादी करूं गेलें तर रॉबर्ट डडली, लेस्टरचा अर्ल, ह्याचें नांव पहिलें येतें. आणि राजमर्जी जितकी मोठी तितका लोकापवादहि मोठा, हा सर्व दरबारांतला अनुभव त्याच्या बाबतींत पुरेपूर खरा ठरलेला दिसतो. त्याची पहिली पत्नी एमी रॉब्सार्ट ही ८ सप्टेंबर १५६० रोजीं ऑक्सफर्डजवळील कम्नर येथील घरांत जिन्याच्या पायथ्याशीं मान मोडून मेलेली आढळली. त्या वेळीं डडली विंडसरच्या राजवाड्यांत राणीजवळ होता. पुढें चोवीस वर्षांनीं, म्हणजे १५८४ त, एक निनांवी पुस्तक परदेशांत छापून चोरवाटेनें इंग्लंडांत आलें. त्यांत एमीचा खून तिच्या नवऱ्यानें, राणीशीं लग्न करतां यावें म्हणून, करविला असें उघड लिहिलेलें होतें. ह्याच पुस्तकास पुढें ‘लेस्टरचें कॉमनवेल्थ’ हें नांव पडलें. चारशें वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी एमीच्या मृत्यूची जी हकीकत सामान्य वाचकाच्या तोंडीं आहे, ती बहुतांशीं ह्याच पुस्तकांतून आलेली आहे.

प्रस्तुत लेखांत ह्या पुस्तकाची साधन म्हणून परीक्षा करावयाची आहे. निंदाग्रंथ हातीं आला असतां संशोधकानें त्यांतलें काय घ्यावें, काय टाकावें आणि कोणत्या कारणानें, हा येथील मुख्य प्रश्न होय. डडली दोषी होता किंवा नव्हता हा निवाडा त्याच्या अनुषंगानें येईल तितकाच. राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या मालेचा पहिला खंड १८९८ त प्रसिद्ध केला, तेव्हांपासून बखर आणि अस्सल पत्र यांच्या बलाबलाचा विचार आपल्याकडे चालत आला आहे. तोच विचार परदेशच्या एका प्रसिद्ध प्रकरणास लावून पाहिल्यास आपल्या नियमांची परीक्षा होते. कारण तेथें आपला पक्ष कोणताच नसल्यामुळें मन निर्लेप राहतें.

(१) प्रसंग

डडलीचें कुळ राजसेवेनें वर आलें आणि राजकोपानें खालीं गेलें. आजा एडमंड डडली याचा १५१० त आणि बाप, नॉर्थंबरलंडचा ड्यूक, याचा १५५३ त शिरच्छेद झाला. रॉबर्टचें एमीशीं लग्न ४ जून १५५० रोजीं झालें. सहावा एडवर्ड राजा त्या समारंभास हजर होता व त्यानें आपल्या रोजनिशींत त्याची नोंद केली आहे. हें लग्न परस्परांच्या ओढीनें झालें असावें. कारण देहाच्या ओढीचीं लग्नें हर्षानें सुरू होऊन शोकांत संपतात, असा शेरा मंत्री विल्यम सेसिल यानें पुढें ह्याच लग्नावर लॅटिन भाषेंत मारून ठेविला आहे.

एलिझाबेथ १७ नोव्हेंबर १५५८ रोजीं गादीवर आली आणि डडलीस तिनें आपल्या पागेचा मुख्य अधिकारी नेमिलें. राणीच्या स्वारीबरोबर सतत राहण्याचें हें काम असल्यामुळें तो दरबारांतच राहूं लागला. एमी मात्र दरबाराबाहेर, निरनिराळ्या आप्तमित्रांच्या घरीं राहत असे. शेवटीं ती कम्नर येथें होती. तें घर डडलीचा कारभारी अँथनी फॉर्स्टर यानें भाड्यानें घेतलेलें होतें. मृत्यूच्या दिवशीं रविवार होता व जवळच्या ॲबिंग्डन गांवीं जत्रा होती. घरांतील चाकरमाणसें जत्रेस गेलीं होतीं. परत आलीं तों बाईसाहेब मेलेल्या आढळल्या.

इतक्या गोष्टींविषयीं वाद नाहीं. ह्यापुढील प्रत्येक गोष्ट कोणी तरी, कोणास तरी, कांहीं तरी हेतु धरून सांगितलेली आहे.

(२) पुस्तकापूर्वीचे कागद

कालानुक्रमानें पहिला कागद स्पेनचा वकील फेरिया याचा. १८ एप्रिल १५५९ च्या पत्रांत तो आपल्या राजास कळवितो कीं, डडलीच्या पत्नीच्या स्तनास कांहीं विकार झाला आहे, आणि ती मेल्यास राणी डडलीशीं लग्न करील असें लोक म्हणतात. हें पत्र मृत्यूच्या सतरा महिने आधींचें आहे ही त्याची खरी किंमत. घटनेनंतरचें शहाणपण त्यांत शिरण्यास वावच नव्हता. एमीच्या आजाराची वार्ता दरबारांत फिरत होती, एवढें त्यावरून निश्चित ठरतें. आजार खरा होता हें मात्र ठरत नाहीं. इयान एअर्ड ह्या शस्त्रवैद्यानें १९५६ त असें अनुमान मांडलें कीं, स्तनाचा कर्करोग पाठीच्या कण्यांत पसरून हाडें ठिसूळ झालीं असतील तर थोड्याशा पडण्यानेंहि मान मोडणें शक्य आहे. अनुमान सुंदर आहे. परंतु त्याचा हेतु फेरियाच्या ऐकीव वाक्यावर उभा आहे, हें विसरूं नये.

दुसरा कागद फेरियानंतरचा वकील दे क्वाद्रा याचा, ११ सप्टेंबर १५६० चा. सेसिलनें आपणास खासगींत सांगितलें कीं, डडली बायकोस मारण्याच्या विचारांत आहे. ती आजारी असल्याचें बाहेर पसरवितात, पण ती धडधाकट असून विषापासून जपत आहे, असें तो लिहितो. दुसरे दिवशीं राणीनें शिकारीहून येतां येतां सांगितलें कीं, डडलीची बायको मेली किंवा मेल्यातच जमा आहे. आणि पत्राच्या शेवटीं, ती मेल्याचें राणीनें आतां उघड केलें, अशी पुस्ती जोडली आहे. हा कागद वाचून पुष्कळांची खात्री पटली. पण हीं संभाषणें नेमकीं कोणत्या तारखेस झालीं हें पत्रांत स्पष्ट नाहीं. आणि पत्र पुरें झालें तें मृत्यूनंतर तीन दिवसांनीं. संभाषण आठ तारखेपूर्वीचें असेल तर त्यास भविष्यवाणीचें वजन येतें. नंतरचें असेल तर तें वजन सर्वस्वीं जातें. एका तारखेवर मनुष्याचें शील लटकून राहावें ह्याचें ह्याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

शिवाय बोलणारा कोण? सेसिल नुकताच स्कॉटलंडचा तह उरकून परत आला होता व डडलीच्या वाढत्या वजनामुळें आपली किंमत उतरली असें त्यास वाटत होतें. राणीचें लग्न डडलीशीं होऊं नये हें त्याचें धोरण. परक्या दरबारच्या वकिलाजवळ असें गुपित बोलणें म्हणजे तें युरोपभर पोंचविणें होय, हें सेसिलसारख्या मुरब्बी मुत्सद्द्यास कळत नव्हतें असें म्हणवत नाहीं.

तिसरा कागद म्हणजे डडली व त्याचा नातलग-सेवक थॉमस ब्लाउंट यांचा पत्रव्यवहार. केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजांतील पीप्सच्या ग्रंथसंग्रहांत त्याच्या नकला आहेत. अस्सल पत्रें नाहींत. डडली ब्लाउंटास लिहितो कीं, चौकशीच्या पंचांत भले व जाणते लोक घालावेत आणि त्यांनीं भीडमुर्वत न धरतां तळापर्यंत शोध करावा. ब्लाउंट उत्तरीं कळवितो कीं, जत्रेच्या दिवशीं सर्व चाकरांनीं गेलेंच पाहिजे असा आग्रह स्वतः बाईसाहेबांनीं धरिला व न जाणाऱ्यांवर त्या रागावल्या. ऑडिंगसेल्स नांवाच्या एका बाईनें, रविवारीं जत्रेस जाणें कुलीन स्त्रियांस शोभत नाहीं, असें सांगून घरीं राहणें पत्करिलें. एमीची दासी हा निव्वळ अपघात असें म्हणाली; परंतु बाईसाहेब निराशेंतून सोडविण्याविषयीं देवाची करुणा भाकीत असत, हेंहि तिच्या तोंडून निघालें. ब्लाउंटनें त्यावरून आत्महत्येचा तर्क काढतांच, माझ्या बोलण्याचा असा अर्थ करूं नका, असें तिनें त्यास विनविलें.

ह्या पत्रांस मोठी योग्यता आहे. कारण तीं घटनेच्या आठवड्याभरांतलीं आहेत व त्यांत लिहिणाऱ्यास गैरसोयीच्या गोष्टीहि आल्या आहेत. पण लिहिणारे दोघेहि एकाच पक्षाचे, आणि पुढील एका पत्रांत पंचांपैकीं स्मिथ नांवाच्या मुख्याकडून आपणास चिठी आल्याचें डडलीच सांगतो. ज्याच्यावर संशय त्यास पंचानें पत्र लिहावें ही गोष्ट चांगली नव्हे.

चौथा कागद सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच सर्वांत शेवटीं हातीं आला. मृत्युचौकशीचा पंचांचा निर्णय १ ऑगस्ट १५६१ रोजीं न्यायसभेपुढें दाखल झाला होता. तो हरवला असेंच सर्व इतिहासकार शतकानुशतकें धरून चालले होते. २००८ सालीं लंडनच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यांत स्टीव्हन गन ह्या संशोधकास तो सांपडला. लॅटिन भाषेंतील ह्या कागदांत, एमी जिन्यावरून पडली, तिची मान मोडली, डोक्यास दोन जखमा झाल्या, एक सुमारें पाव इंच व दुसरी सुमारें दोन इंच खोल, आणि मृत्यु दुर्दैवानें, म्हणजे अपघातानें, झाला, असा निर्णय आहे.

(३) पुस्तक व त्याचा हेतु

आतां १५८४ च्या पुस्तकाकडे वळूं. केंब्रिजच्या एका पदवीधरानें लंडनच्या मित्रास पाठविलेल्या पत्राची नकल, असें त्याचें मूळ शीर्षक आहे. आंत एक सरदार, एक पंडित व एक कायदेपंडित यांचा संवाद घातला आहे. आपल्या पुराणग्रंथांतील सूत-शौनकांप्रमाणें हीं पात्रें ग्रंथकर्त्याचें म्हणणें वांटून घेऊन बोलतात. त्यामुळें कोणत्याहि एका विधानाची जबाबदारी ग्रंथकर्त्यावर येत नाहीं. ‘असें ऐकतों’, ‘लोक म्हणतात’ हे प्रयोग जागोजाग आहेत. पानांच्या हिरव्या कडांवरून ह्या पुस्तकास ‘पाद्री पार्सन्सचा हिरवा डगला’ असेंहि म्हणत, व जेझुइट पार्सन्स हाच कर्ता असा समज पुष्कळ दिवस होता. १९८५ त डी. सी. पेक यांनीं ह्याची चिकित्सक आवृत्ति काढली. त्यांच्या मतें तें पॅरिसमधील परागंदा कॅथलिक सरदारांच्या मंडळांत, मुख्यतः चार्ल्स अरंडेल याच्या हातून, तयार झालें. हा अरंडेल १५८३ च्या अखेरीस थ्रॉकमॉर्टनचा कट उघडकीस येतांच इंग्लंडांतून निसटला होता, आणि डडलीच्या पक्षाशीं त्याचें जुनें वैर होतें.

पुस्तकांतील आरोपांची मालिका वाचली म्हणजे प्रथम थक्क व्हावयास होतें. एमीस जिन्यावरून पाडलें. लॉर्ड शेफील्ड यास विष घालून त्याची पत्नी डग्लस हिचा उपभोग घेतला. एसेक्सचा अर्ल वॉल्टर डेव्हरू यास आयर्लंडांत विष घालविलें व त्याची विधवा लेटिस नोलिस हिच्याशीं लग्न लाविलें. असा एकामागून एक खुनांचा पाढा आहे. मात्र शेवटचा भाग वाचतांच ग्रंथाचा रोख कळतो. इंग्लंडच्या गादीचा पुढचा वारस कोण, हा तेथें विषय असून स्कॉटलंडची राणी मेरी हिचा हक्क तेथें स्थापिला आहे. मेरी त्या वेळीं इंग्लंडांत कैदेंत होती, आणि तिच्या पक्षास डडली हा मोठा शत्रु होता.

मीमांसकांनीं ज्यास ‘नहिनिन्दान्याय’ म्हटलें आहे तो येथें अक्षरशः लागू पडतो. निंदावाक्य हें निंद्य वस्तूची निंदा करण्यासाठीं प्रवृत्त झालेलें नसतें, विधेयाची स्तुति हा त्याचा खरा हेतु असतो, असें त्या न्यायाचें तात्पर्य. ह्या ग्रंथाचा विधि ‘मेरीचा वारसा मान्य करा’ हा, आणि डडलीची निंदा हा त्याचा अर्थवाद. अर्थवादवाक्यास स्वार्थीं प्रामाण्य नसतें हें मीमांसेच्या पहिल्या पाठांतच शिकवितात. तो खोटाच असतो असें नव्हे. त्यांतील वस्तुस्थिति दुसऱ्या प्रमाणानें सिद्ध व्हावी लागते, इतकेंच.

आणि दुसऱ्या प्रमाणांनीं ह्या ग्रंथांतील कांहीं गोष्टी सिद्ध होतात, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. लेटिसशीं डडलीचें गुप्त लग्न २१ सप्टेंबर १५७८ रोजीं वॉन्स्टेड येथें झालेंच होतें, व तें राणीस कळल्यावर लेटिसला दरबार कायमचा बंद झाला. डग्लसपासून त्यास १५७४ त मुलगा झाला होता हेंहि खरें. ग्रंथ बाहेर पडला त्या सुमारास ही डग्लस पॅरिसमध्येंच होती. कारण इंग्लंडचा तेथील वकील सर एडवर्ड स्टॅफर्ड याची ती आतां पत्नी होती. अरंडेलचें ह्या वकिलाच्या घरीं जाणें-येणें होतें. म्हणजे अंतःपुरांतील गोष्टींविषयीं ग्रंथकर्त्यास माहिती मिळण्याचें द्वार उघडें होतें. परंतु लग्नें व पुत्र खरे ठरले म्हणून खूनहि खरे, हें अनुमान चालणार नाहीं. निंदा करणारा चतुर असला म्हणजे तो पडताळतां येणाऱ्या दहा गोष्टींच्या आधारानें न पडताळतां येणारी अकरावी गोष्ट गळीं उतरवितो.

(४) अंतर्गत परीक्षा

कम्नरच्या प्रकरणीं ग्रंथकर्ता चार गोष्टी सांगतो. सर रिचर्ड व्हर्नी त्या दिवशीं एमीजवळ मागें राहिला व चाकरांस त्यानें जबरीनें जत्रेस लाविलें. ती जिन्यावरून पडली, पण डोक्यावरचें शिरोवस्त्र जरासुद्धां हललें नाहीं. त्यापूर्वी ऑक्सफर्डच्या डॉ. बेली यानें, आपल्या औषधाच्या नांवाखालीं विषप्रयोग होईल ह्या भीतीनें, औषध देण्याचें नाकारिलें. आणि व्हर्नी पुढें लंडनांत भुतांच्या नांवानें ओरडत मेला.

पहिली गोष्ट ब्लाउंटच्या पत्राशीं थेट विरुद्ध आहे; तेथें चाकरांस घालविणारी एमी स्वतःच आहे. ब्लाउंट पक्षपाती म्हणून त्याचें टाकलें, तरी ग्रंथकर्त्याचें घेण्यास कारण मिळत नाहीं. ब्रिटिश लायब्ररींत त्या काळच्या राजकारणाचें एक टांचण-हस्तलिखित आहे, त्यांत १५६० नंतर थोड्याच वर्षांत व्हर्नीवरील संशय नोंदलेला आढळतो. ह्यावरून व्हर्नीची कथा ग्रंथकर्त्यानें १५८४ त नवी रचिली नाहीं, हें ठरतें. पण वदंता जुनी असणें आणि वदंता खरी असणें यांत अंतर आहे. जुन्या वदंतेनें ग्रंथकर्ता बनावाच्या आरोपांतून सुटतो. डडली त्यामुळें खुनी ठरत नाहीं.

दुसरी गोष्ट, शिरोवस्त्राची, ही वाचकाच्या मनावर सर्वांत ठसणारी. २००८ पर्यंत तिचें खंडन करण्यास साधन नव्हतें. पंचांच्या कागदांत डोक्यास दोन इंच खोल जखम आहे. अशी जखम झाली असतां डोक्यावरचें वस्त्र जागचें हलूं नये हें संभवत नाहीं. तेव्हां ग्रंथकर्त्यानें हा कागद पाहिलेला नव्हता, व प्रत्यक्षदर्शी माणसाकडूनहि त्याची हकीकत आलेली नाहीं, असा निष्कर्ष निघतो. येथें एक चमत्कार मात्र ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. ज्या कागदानें निंदकाची साक्ष पाडली, त्याच कागदानें नवा संशय उत्पन्न केला. कारण जिन्यावरून पडून इतकी खोल जखम कशी झाली, ह्याचा खुलासा पंचांनीं केलेला नाहीं. अस्सल कागद सांपडला म्हणजे वाद मिटतो, ही समजूत सर्वत्र खरी नाहीं.

तिसऱ्या गोष्टीविषयीं इतकेंच कीं, बेली १५८४ त हयात होता व राणीचा वैद्य होता. तो खरें बोलण्यास मोकळा नव्हता आणि त्याच्या नांवावर कोणी कांहीं घातलें तरी उत्तर देण्यासहि मोकळा नव्हता. चौथी गोष्ट पापाचें फळ दाखविणारी आहे. तिची जागा कीर्तनांत.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकास विशेष वाटेल अशी आहे. एमीच्या अंत्यविधीच्या वेळीं प्रवचन करतांना डॉ. बॅबिंग्टन याची जीभ चुकली आणि ‘कींव यावी अशा रीतीनें मेलेली’ अशा अर्थाच्या शब्दाऐवजीं ‘खून झालेली’ हा शब्द त्याच्या तोंडून गेला, असें ग्रंथकर्ता सांगतो. नारायणराव पेशव्यांच्या ३० ऑगस्ट १७७३ च्या खुनाविषयीं ‘ध’ चा ‘मा’ केल्याची जी कथा आपल्याकडे पोरासोरांच्या तोंडीं आहे, तिची येथें आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. तेथें ‘धरावें’ चें ‘मारावें’ लेखणीनें झालें, येथें जिभेनें. दोन्हीकडे एका शब्दाच्या फेरांत सारा गुन्हा सांठविलेला आहे, आणि तो मूळ शब्द पाहण्यास दोन्हीकडे कांहीं उरलेलें नाहीं. फेर केलेला तो कागद आज उपलब्ध नाहीं. बॅबिंग्टनचें प्रवचनहि लिहून ठेविलेलें नाहीं. एका शब्दांत मावणारी कथा लोकांच्या स्मरणांत चटकन बसते. तिच्या प्रसिद्धीचें कारण तिच्या सत्यतेंत शोधूं नये. तिच्या आटोपशीरपणांत शोधावें.

(५) नकलांची संख्या आणि साक्षीदारांची संख्या

हस्तलिखितांचा संग्रह करणारांनीं ह्या ग्रंथापासून घेण्यासारखा मोठा धडा पुढील होय. ऑक्टोबर १५८४ त राणीनें असल्या पुस्तकांविरुद्ध जाहीरनामा काढला. १५८५ त प्रिव्ही कौन्सिलनें राणीच्या स्वतःच्या माहितीचा हवाला देऊन हे आरोप खोटे असल्याचें अधिकाऱ्यांस कळविलें. छापील प्रत बाळगणें धोक्याचें झालें, म्हणून लोकांनीं ती हातानें उतरून घेतली. अशा हस्तलिखित प्रती इंग्लंडच्या निरनिराळ्या संग्रहांत पुष्कळ आहेत. जुना कागद, जुनें वळण, जुनी शाई, हें सर्व त्यांत आहे. आणि तरीहि त्या एका छापील पुस्तकाच्या नकला आहेत. पन्नास प्रतींत व्हर्नीचें नांव आलें तरी साक्षीदार एकच. हस्तलिखित म्हटलें कीं तें छापील पुस्तकाहून मूळच्या जवळचें, ही आपली नित्याची समजूत येथें उलटी पडते. प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली, हा वंशवृक्ष बांधल्याशिवाय प्रतींची मोजदाद करण्यांत अर्थ नाहीं.

हीच अंधपरंपरा छापील ग्रंथांतहि चालली. हें पुस्तक १६४१ त पुनः छापलें गेलें, तेव्हां राजसत्ता व पार्लमेंट यांच्या भांडणांत राजाच्या मर्जींतल्यांविरुद्ध लिहिलेलें कांहींहि खपत होतें. इलायस ॲश्मोल याच्या बर्कशायरच्या प्राचीन वस्तूंवरील ग्रंथांत, जो त्याच्या पश्चात् १७१९ त निघाला, कम्नरची हकीकत ह्याच पुस्तकावरून घेतलेली आहे. पण पुराणवस्तुसंशोधकाच्या ग्रंथांत आल्यामुळें तिला स्थानिक परंपरेचें रूप आलें. तिच्यावरून मिकल यानें पोवाड्याच्या धर्तीचें काव्य केलें. आणि दोहोंवरून सर वॉल्टर स्कॉट यानें १८२१ त ‘केनिलवर्थ’ कादंबरी लिहिली. केनिलवर्थच्या किल्ल्यावर राणीचा सत्कार जुलै १५७५ त झाला. एमी त्यापूर्वी पंधरा वर्षें मेलेली होती. स्कॉटनें तिला त्या समारंभांत जिवंत आणिलें. कादंबरीकारास तें क्षम्य आहे. परंतु कादंबरी वाचून लोक कम्नरास गेले, तेथें १८१० त पाडलेल्या घराच्या जागीं एमीचें भूत दिसतें असें ऐकून आले, आणि त्या भुताच्या कथेस पुन्हां परंपरा म्हणूं लागले. एका निंदकाचें वाक्य चार पिढ्यांचे हात बदलून गांवकऱ्यांच्या तोंडून परत आलें, तर तें गांवकऱ्यांचें होत नाहीं.

(६) उलट पक्ष

निंदाग्रंथ अप्रमाण ठरला म्हणजे सरकारी कागद आपोआप प्रमाण ठरतात, असें मानणें ही दुसरी अंधश्रद्धा. डडलीच्या बाजूची साधनें पाहतां त्यांतहि तितकेंच सावध राहावें लागतें. एसेक्सचा अर्ल २२ सप्टेंबर १५७६ रोजीं डब्लिन येथें मेला. विषप्रयोग नव्हे, अतिसार, असा निर्वाळा चौकशीअंतीं सर हेन्री सिडने यानें दिला. आणि हा सिडने डडलीच्या बहिणीचा नवरा. निर्वाळा खरा असण्याचा संभव मोठा आहे, तरी निर्वाळा देणारा कोण हें लिहून ठेविलें पाहिजे. हेन्रीचा मुलगा, प्रसिद्ध कवि सर फिलिप सिडने, यानें मामाच्या समर्थनार्थ उत्तर लिहिलें. तें त्याच्या हयातींत छापलें गेलें नाहीं. त्यांत त्याचा सारा भर डडली कुळाच्या कुलीनतेवर आहे. एमी कशी मेली, ह्या प्रश्नास तो उत्तर देत नाहीं. कुळाची निंदा त्याला खुनाच्या आरोपाहून अधिक झोंबली, ह्यावरून त्या काळच्या सरदारवर्गाच्या मनाची घडण कळते. निर्दोषित्वाचा पुरावा मिळत नाहीं.

डग्लसच्या मुलानें आपण औरस असल्याचें सिद्ध करण्याचा यत्न केला तेव्हां तें प्रकरण स्टार चेंबर ह्या न्यायसभेपुढें गेलें. १६०५ त निकाल त्याच्या विरुद्ध लागला व साक्षीचे कागद मोहोरबंद करून ठेवण्याचा हुकूम झाला. सत्तेची इतिहासावर होणारी क्रिया ही अशी दुहेरी असते. मर्जींतल्या मनुष्याविरुद्ध बोलणारास उघड बोलतां येत नाहीं, म्हणून तो अतिशयोक्तीनें बोलतो. आणि ज्या कागदांनीं त्याची अतिशयोक्ति मोजतां आली असती, ते सत्ता कुलपांत घालते.

(७) निष्कर्ष

एतावता आमचें मत असें : एमी रॉब्सार्टच्या मृत्यूविषयीं ‘कॉमनवेल्थ’ हा स्वतंत्र साक्षीदार नाहीं. १५६० पासून चाललेल्या वदंतेचा तो संग्राहक आहे, आणि त्या संग्रहावर त्यानें वारसाहक्काच्या कामीं उपयोगी पडेल असा संस्कार केलेला आहे. राणीच्या लग्नाचें राजकारण, परागंदा कॅथलिकांचें मन आणि मर्जींतल्या सरदाराविषयींचा मत्सर ह्यांचें साधन म्हणून तो पहिल्या प्रतीचा होय. ह्या तीन विषयांसाठीं त्याचा उपयोग निःशंक करावा. कम्नरच्या जिन्यावर काय घडलें, ह्या एका प्रश्नापुरता तो बाजूस ठेवावा. त्या प्रश्नाचें उत्तर देण्यास पंचांचा कागद व ब्लाउंटचीं पत्रें हींच जवळचीं साधनें. आणि तीं अपघात संभवनीय करतात, खून अशक्य करीत नाहींत.

फलावरून अनुमान करणाऱ्यांचा एक पक्ष म्हणतो कीं, ह्या मृत्यूनें डडलीचें सर्वांत अधिक नुकसान झालें; अपवाद इतका माजला कीं राणीस त्याच्याशीं लग्न करणें अशक्य झालें; तेव्हां तो हें करील कसा? ह्या युक्तिवादांत तथ्य आहे, पण माणसें आपल्या कृत्याचें फळ आधीं ओळखतातच, हें गृहीत धरल्यावांचून तो पुरा होत नाहीं. जे त्याच फलावरून सेसिलवर संशय घेतात त्यांचीहि तीच गत. काक बसण्यास आणि फळ पडण्यास एक वेळ आली, एवढ्यावर कोणास दोषी ठरवूं नये.

ह्या सर्व साधनांत एमीच्या स्वतःच्या शब्दांचा कागद किती? तिचीं दोन पत्रें आहेत. एक मालमत्तेवरील मेंढ्यांच्या लोकरीच्या विक्रीसंबंधीं. दुसरें कम्नरहून, २४ ऑगस्टचें, लंडनच्या एडनी नांवाच्या शिंप्यास. तें १५६० चें मानतात. मखमली झग्याची गळपट्टी पूर्वीच्या एका झग्याप्रमाणें करून लवकर पाठवावी, इतकाच त्यांत मजकूर आहे. ब्लाउंटच्या पत्रांतील निराशा आणि हा नवा पेहराव ह्यांचा मेळ ज्याला जसा घालावयाचा तसा तो घालो. तिच्या मृत्यूवर अर्थ बसविणारांनीं आपापल्या कामासाठीं ते बसविले, आणि शिंप्यास लिहिणाऱ्या बाईस मात्र कोणतेंच काम साधावयाचें नव्हतें. म्हणून दरबारी प्रकरणांच्या बाडांत असा घरगुती कागद निघाल्यास तो क्षुल्लक म्हणून टाकूं नये.

संग्राहकांस शेवटीं एक सूचना. कोणत्याहि राजपुरुषाच्या निंदेचें किंवा स्तुतीचें हस्तलिखित हातीं आल्यास त्याच्या वेष्टनावर चार गोष्टी लिहून ठेवाव्या : लेखनाचा काळ, लिहविणाराचा पक्ष, प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली, आणि ज्या गोष्टी दुसऱ्या स्वतंत्र कागदानें पडताळल्या त्यांची यादी. चौथा रकाना बहुधा रिकामा राहील. तो तसाच रिकामा ठेवून प्रत जपावी. पंचांचा कागद मिळण्यास चारशें सत्तेचाळीस वर्षें लागलीं.